गेटवाल्या काकांचा प्रायव्हेट नंबर

जगात कुणीही कुठंही निघालं, पोचलं, जेवलं किंवा नुसतं शिंकलं, तरी ते आधी आपल्याला कळवलं गेलं पाहिजे, असं ठाम मत असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला आहे आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. हे आमचे गेटवाले काका. लोणावळ्याच्या अलीकडच्या एका रेल्वे फाटकावर त्यांनी सारी नोकरी काढली. पुढं शेजारी पूल झाला, फाटक कायमचं बंद झालं आणि त्याच साली काका निवृत्त झाले. रेल्वेनं त्यांचा निरोप समारंभ केला, नारळ दिला, शाल दिली. काकांनी नारळ घेतला, शाल घेतली, निरोप तेवढा घेतला नाही.

त्यांचे माझ्यावर उपकार आहेत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांची थट्टा करीन ती कुणी मनावर घेणार नाही. आमचं घर तेव्हा एका खोलीचं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, चिक्कीच्या कारखान्यात पाकाच्या कढईपाशी दिवसभर उभे राहायचे. घरी आले की त्यांच्या हातावर नवा चटका कुठं आहे ते आई न विचारता शोधायची. आई तुंगार्लीच्या बंगल्यांवर धुणीभांडी करायची. पावसाळ्यात पत्रा इतका गळायचा, की घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडलेली असत आणि स्वयंपाकाला एकही उरत नसे. अशा घरात दहावीचा अभ्यास कुठं करायचा? मग काकांनी मला फाटकावरच्या खोलीत एक स्टूल दिलं. मी विज्ञानाचं पुस्तक गाड्यांच्या मधल्या वेळात पाठ केलं आहे. गाडी आली की काका बाहेर झेंडा घेऊन उभे आणि मी आत धडधडणाऱ्या भिंतीला वही टेकवून गप्प. गाडी गेली की काका आत येऊन विचारायचे, "कुटवर आलीस?" मी म्हणायचे, "आम्ल आणि आम्लारी." ते म्हणायचे, "लायन क्लियर. सुट पुडं." आमच्या घराण्यात पदवीचा पहिला कागद माझ्या नावाचा आहे आणि हे सांगताना मी अजिबात लाजत नाही. आज मी इंदुरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. पदवीचा निकाल लागला त्या दिवशी काकांनी समोरून जाणाऱ्या मालगाडीला पेढे दाखवले होते. ड्रायव्हरनंही शिट्टी वाजवली म्हणतात. मी हजर नव्हते, पण काकांनी सांगितलंय म्हणजे वाजवलीच असणार.

काका माणसाकडं खालून वर बघतात. जाणाऱ्या गाडीच्या चाकातून धूर येतोय का, खाली काही लोंबतंय का, हे बघण्यात आयुष्य गेल्यामुळं कुणीही घरात आलं की त्यांची नजर आधी पावलांवर जाते. मला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या टाचांवरून त्यांनी एक स्थळ नाकारलं होतं. "मानूस चालतोय, पर उजवं चाक घासतंय," असं ते भर बैठकीत म्हणाले. (तो मुलगा पुढं खरंच गुडघ्याच्या ऑपरेशनला गेला, हे आई अजून सगळ्यांना सांगते.) आणि त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे प्रायव्हेट नंबर. फाटकावर असताना स्टेशनातून फोन यायचा, की गाडी सोडतोय. काका फाटक लावायचे आणि लावलं म्हणून एक ठरावीक आकडा फोनवर सांगायचे. तो आकडा यादीतून खोडून टाकायचा. पुन्हा वापरायचा नाही. आकडा दिला म्हणजे काम झालं, त्याशिवाय नाही. नुसत्या "व्हय व्हय"ला रेल्वेत किंमत नसते. निवृत्तीनंतर काकांनी ही पद्धत काकूंना लावून पाहिली. दूध तापवलं का, तर आकडा सांग. काकूंनी दोन दिवस आकडे दिले आणि तिसऱ्या दिवशी दुधाचं पातेलंच त्यांच्यापुढं आणून ठेवलं.

काकांना मित्र तीनच, आणि तिघंही त्यांच्यासारखेच जुने. एक आमचे आबा. दुसरे इस्माईलचाचा, आबांच्याच कारखान्यातले चिक्कीचे कारागीर, पलीकडच्या आळीत राहणारे. पाक नुसता वासावरून ओळखायचे. तिसरे धोंडीभाऊ. हे वर तुंगार्लीला एका मोठ्या बंगल्याचे राखणदार. मूलबाळ नाही. बायको, म्हणजे आमची कमळामावशी, कोरोना यायच्या आधीच्या दिवाळीला गेली. तेव्हापासून धोंडीभाऊ संध्याकाळी पाच वाजायची वाट बघत दिवस ढकलायचे, कारण पाचला चौघं त्या बंद फाटकापाशी रुळांखालून काढलेल्या जुन्या लाकडी स्लीपरांच्या ढिगावर बसायचे. दोन तास कुणी कुणाचं ऐकून घ्यायचं नाही, सगळ्यांनी एकदम बोलायचं आणि सातला समाधानानं घरी जायचं, असा त्यांचा कार्यक्रम होता.

मग सगळं बंद झालं. ढिगाकडं जाणारा रस्ता पोलिसांनी बांबू लावून अडवला. बंगल्याच्या मालकांनी मुंबईहून धोंडीभाऊंना फोन केला, की कुणाला आत घेऊ नका, तुम्हीही गेटाबाहेर पडू नका. शिधा महिन्याच्या महिन्याला दुकानाचा पोऱ्या आणून द्यायचा. म्हणजे तो माणूस सात खोल्यांच्या बंगल्यात एकटा. तिसऱ्याच दिवशी काका आमच्या दारात दोन हात लांब उभे राहून आबांना म्हणाले, "धोंड्याचं काय खरं न्हाई. एकटा डबा रुळावर सोडल्याला हाय. त्याला रोज कुनीतरी बगाया पायजेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काका गच्चीवर उभे. हातात हिरवा झेंडा. सरकारी झेंडे त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मोजून परत केले होते, म्हणून हा काकूंच्या हिरव्या साडीचा. "माज्या लग्नातल्या साडीची रेल्वेत भरती झाली," एवढंच काकू म्हणाल्या. ठरलं असं, की काकांनी झेंडा दाखवायचा आणि तिघांनी आपापल्या गच्चीवरून दाखवायचा. आबांनी हिरवा टॉवेल, चाचांनी दाराचा पडदा, आणि वर चढावरून धोंडीभाऊंनी बंगल्याच्या जेवणाच्या टेबलावरचा कपडा. तिन्ही सिग्नल परत आल्याशिवाय काका चहा घेत नसत. माणसं म्हणायची, फोन आहे की. काका म्हणायचे, "फोनवर मानूस पडून बी बोलतो. झेंड्याला हुबं ऱ्हावं लागतं."

यात घोटाळे व्हायचेच. एप्रिलात एकदा आईनं लाल धाबळी गच्चीवर वाळत घातली. लाल ती लाल, मग हातात धरलेली असो की दोरीवर टाकलेली. पाच मिनिटांत काका अनवाणी, मास्क कपाळावर, आमच्या दारात. "कोन? कोन आजारी हाय?" आई पापड लाटत होती. तिनं लाटणं हातात घेऊन त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भावजी, तुमच्या गाड्या थांबल्यात त्या थांबल्यात. माजी धुनी कशापाई थांबवताय?" काका खजील झाले, पण बधले नाहीत. वस्तीत लाल कपडे घरात वाळवायचे असा त्यांनी फतवा काढला आणि गंमत म्हणजे बायकांनी तो पाळला.

झेंड्यानंतर फोन. फोनवर काकांचा एकच प्रश्न असायचा, "आज चांगलं काय घडलं?" उत्तर लिहायला त्यांनी माझ्याकडून एक कोरी वही घेतली, रकाने आखले. वेळ, नाव, घडलेलं चांगलं आणि शेवटी प्रायव्हेट नंबर. रोज काहीतरी चांगलं सांगायचंच. कालचं आज चालणार नाही. आबा आधी वैतागले. त्यांच्या आयुष्यात चांगलं घडलेलं सांगायची सवय कुणी लावली नव्हती. पण आठवड्याभरात ते सकाळी उठल्यापासून शोधाला लागायचे. "कढीला फोडणी बरोबर बसली. नंबर बावन्न." "सुगरणीनं खोप्याचा दुसरा मजला काढला. नंबर अठरा." चाचांचं तर विचारूच नका. कारखाना बंद, त्यामुळं त्यांच्या घरात रोज नवी चिक्की. तिळाची, जवसाची, पोह्यांची. एकदा कारळ्याची केली. आमच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवून ते चार पावलं मागं सरकले आणि आम्ही खाताना आमच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. "कशी झाली?" आबा बराच वेळ चावून म्हणाले, "दात हलत हुता, तो पडला. चांगलं झालं." चाचांनी तेच वहीत लिहायला लावलं.

मी तेव्हा घरून शाळा घेत होते. नेट मिळावं म्हणून गच्चीच्या कोपऱ्यात मोबाईल धरून पोरांना शिकवायचे, म्हणून ही सगळी बोलणी माझ्या कानावर पडायची. वही मी चाळायचे. म्हणूनच मला आधी दिसलं की धोंडीभाऊंचा रकाना आखडत चाललाय. सुरुवातीला ते भरभरून सांगायचे. बंगल्याच्या हिरवळीवर मोर आला, मालकिणीच्या गुलाबाला एकाच देठावर तीन फुलं आली. मग नुसतं "मोर". मग "हाय तसंच." जूनच्या सुरुवातीला एकदा "काय न्हाई." काका फोनवर ओरडले, "रकाना मोकळा ठिवायचा नसतो, धोंड्या!" तिकडून धोंडीभाऊ म्हणाले, "कमळी असती तर तिला इचारून सांगितलं असतं." काकांनी फोन ठेवला. त्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'धोंड्या बोलला.'

त्यातच धुकं उतरलं. आमच्याकडचं धुकं म्हणजे समोरच्या माणसाचा हात दिसतो आणि खांदा दिसत नाही. झेंडे निकामी झाले. पण धुक्यात गाड्या आवाजावर चालवतात हे काकांना कुणी शिकवायला नको. त्यांनी पेरूच्या झाडाला लोखंडी पहार टांगली. आबांना पितळी परात दिली. चाचांनी पाकाची मोठी कढई उपडी घातली आणि तिच्यावर उलथनं मारलं, तर असा नाद निघाला की काकांना स्वतःच्या पहारीची लाज वाटली. धोंडीभाऊंकडं बंगल्याच्या व्हरांड्यातली पितळी घंटा होती. रस्त्यावर ना मोटारी ना माणसं, त्यामुळं सातला पहार वाजली की परात, मग कढई, मग धुक्यातून वरून घंटा, बारीक पण स्वच्छ. मोबाईलवरच्या सकाळच्या वर्गात एका पोरानं विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं देऊळ जवळ आहे का?" मी म्हटलं, "आहे, चार पुजारी आहेत."

आणि एका मंगळवारी घंटा वाजली नाही.

काकांनी पुन्हा पहार वाजवली. परात. कढई. वर नुसतं धुकं. फोन लावला, नुसता वाजत राहिला. आबा म्हणाले, "झोप लागली आसंल." काका घरात गेले आणि बाहेर आले ते खाकी वर्दीत. वर्दी पोटावर बसत नव्हती, दोन बटणं उघडीच होती. हातात झेंडा, खिशात शिट्टी. काकू दारात आडव्या झाल्या. "तुमचं वय काय, जाताय कुटं? वरच्या अंगाला पेशंट सापडल्यात." काका म्हणाले, "गाडीनं सिग्नल परत दिला न्हाई, तर पुडल्या स्टेशनाला कळवायचं आसतं. पुडलं स्टेशन न्हाईच. मग मीच जायाचं." मी ओढणी तोंडाला बांधली आणि त्यांच्या मागं निघाले.

चढाच्या सुरुवातीला बांबूचा अडसर आणि एक तरुण महिला पोलीस. "आजोबा, कुठं?"

"ड्युटीवर."

"कसली ड्युटी? फाटक बंद होऊन वर्षं झाली, मी इथलीच आहे."

"पोरी, चार जनांची लायन हाय. एकाचा सिग्नल आला न्हाई."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हणाली, "ती सकाळची घंटा तुमची होय? आज नाही वाजली खरी. मीही कान देऊन होते." तिनं बांबू उचलला, फोन लावून आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना वर पाठवायला सांगितलं आणि स्वतः आमच्या पुढं चढायला लागली.

धोंडीभाऊ व्हरांड्यातच होते. घंटेच्या खाली, भिंतीला टेकून बसलेले. दोरी हातात होती, ओढायचं बळ नव्हतं. काका अंगणाच्या कडेला थांबले आणि सवयीनं त्यांची नजर आधी पावलांवर गेली. "पाय निळं पडल्यात," ते मला म्हणाले, आणि त्यांचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. आशाताई आल्या, त्यांनी बोटाला यंत्र लावलं, आकडा पाहून ताबडतोब गाडी बोलावली. धोंडीभाऊंनी डोळे उघडले. "कशाला आलास? म्या म्हटलं आता ऱ्हाऊ दे." काका लांबूनच गरजले, "तुला कुनी इचारलं? गाडी थांबवायची का न्हाई ते फाटकवाला ठरीवतो. गप बस आन् दम घी."

तळेगावच्या कोविड सेंटरमध्ये धोंडीभाऊंना ऑक्सिजन लागला. भेटायची सोय नव्हती. रोज सकाळी सातला काका तिथं फोन करायचे. फोनवर एक सिस्टर असायच्या, कामानं पिचलेल्या. पहिल्या दिवशी काकांनी विचारलं, "सिस्टर, आमचा धोंड्या हाय का?" त्या म्हणाल्या, "आहेत." "मग प्रायव्हेट नंबर द्या." सिस्टर गोंधळल्या. मी फोन घेऊन समजावलं, की नुसत्या 'आहेत'वर यांचं समाधान होत नाही, एखादा आकडा सांगा. सिस्टर म्हणाल्या, "शहाऐंशी. ऑक्सिजन शहाऐंशी आहे त्यांचा, मशीनवर." काकांनी वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी चौऱ्याऐंशी. काकांनी लिहिलं, पण पेन्सिल दोनदा मोडली. त्या दिवशी चाचांनी कढई वाजवली नाही. त्यांनी परस्पर काकांच्या भिंतीवर शेंगदाण्याची चिक्की आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. मग नव्वद. मग एक्क्याण्णव. आणि पुढच्या सकाळी परत एक्क्याण्णव. काका फोनवर चिडले, "ह्यो कालचाच नंबर. वापरल्याला नंबर चालत न्हाई." सिस्टर हसल्या. त्यांचं हसणं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "काका, आमच्याकडं कालचाच नंबर मिळाला तर आम्ही पेढे वाटतो. घ्या लिहून." काकांनी आयुष्यात पहिल्यांदा एक आकडा दोनदा लिहिला. त्याच सकाळी सिस्टरनी फोन धोंडीभाऊंच्या कानाला लावला. काकांनी विचारलं, "आज चांगलं काय घडलं?" तिकडून मास्कमधून आवाज आला, "हितल्या चहात आलं घालत्यात." काका वहीत लिहायला लागले, पण त्यांना दिसेना. ते मी लिहिलं.

धोंडीभाऊ परत आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. त्या महिला पोलिसानं बांबू आधीच बाजूला घेतला होता. काका वर्दीत, रस्त्याच्या कडेला, झेंडा ताठ. गाडी वस्तीत शिरली आणि एकदम चहूकडून ताटं, पातेली, पराती, एका घरातून तर कुकरचं झाकण, असा गजर उठला, की गाडीचा ड्रायव्हर बिचकून थांबला. कुणालाही कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या दोन आठवड्यांत सगळी वस्ती सातचा फोन कान देऊन ऐकत होती, एवढंच. काका मात्र भडकले. शिट्टी फुंकून ओरडायला लागले, "येकायेकानं वाजवा! समद्यांनी येकदम सिग्नल दिला तर ड्रायव्हरनं काय समजायचं?" कुणी ऐकलं नाही. आई तर गच्चीवरून लाल धाबळी फडकवत होती, आणि काकांनी ती पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

धोंडीभाऊंनी बंगल्याच्या किल्ल्या मालकांना परत पाठवल्या आणि काकांच्या मागच्या खोलीत राहायला आले. काकू म्हणतात, "सवत आनली." पण तिघांचा चहा त्याच ठेवतात.

आता सगळं पहिल्यासारखं आहे. शनिवार-रविवारी वर चढापर्यंत मोटारींची रांग लागते, हॉर्न वाजतात, पहार वाजवली तरी पलीकडच्या आळीत ऐकू जाणार नाही. सिस्टरची बदली कुठं झाली ते आम्हाला कळलं नाही. काकांनी दोनदा फोन करून विचारलं होतं. काकांनाही आता कमी ऐकू येतं. मी शाळेतून येताना त्यांना लांबून हाक मारते, तर ते आधी माझ्या चपलांकडं बघतात, मग चेहऱ्याकडं, मग ओळखतात. पूर्वी हे सगळं एका नजरेत व्हायचं. संध्याकाळी मी कधी कधी मुद्दाम त्या बंद फाटकाच्या बाजूनं येते. बोलणं पूर्वीइतकं राहिलेलं नाही, बराच वेळ नुसतेच बसलेले असतात. त्या वर्षात आमच्या वस्तीतून बरीच माणसं गेली, त्यातली काही माझ्याहून लहान होती. पण रोगाच्या आधी त्या ढिगावर चार म्हातारे बसायचे, आणि आजही तिथं चारच बसतात.